कारकुनानंतर कोण?

द्वितीय वर्षाला विनोदी वाङ्मय शिकवताना एक गोष्ट दरवर्षी नव्याने जाणवते. मराठी विनोदाला कारकून फार लवकर सापडला, आणि एकदा सापडल्यावर त्याने कारकुनाची पाठ सोडली नाही. चिं. वि. जोशी स्वतः बडोद्याला पाली शिकवीत. पण त्यांच्या चिमणरावाच्या वाट्याला कारकुनीच आली. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याच्या चाळी'तले (१९५८) भाडेकरू आठवले की डबा घेऊन कुठल्यातरी कचेरीच्या दिशेने निघालेली माणसेच डोळ्यांपुढे येतात, आणि 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी तर कारकुनीला आत्मचरित्राचा दर्जा देतो. गोव्याच्या मारिओ मिरांडांनी (१९२६–२०११) इंग्रजी नियतकालिकांसाठी कचेरीची व्यंगचित्रे काढली, तेव्हा बॉस आणि त्याची सेक्रेटरी मिस फोन्सेका यांच्या जोडीला जो कारकून त्यांना सुचला त्याचे आडनाव गोडबोले. म्हणजे इंग्रजी पानावरही खर्डेघाशी करायला मराठी माणूसच! (मिस फोन्सेकाविषयी मला थोडे वेगळे बोलायचे आहे, ते पुढे.)

दिवाळी अंकांतल्या हास्यचित्रांबद्दलही हेच म्हणता येईल. 'आवाज', 'जत्रा', 'मोहिनी' हे अंक आमच्या घरी वाचनालयातून यायचे आणि भाऊबीज संपण्याआधी परत द्यावे लागायचे, त्यामुळे आम्ही भावंडे चित्रे आधी पाहून घेत असू. फायलींचा ढीग, ढिगाआड डुलकी, दारावर साहेबाची पाटी. हे समजण्यासाठी कुणाला काही शिकावे लागत नसे. कचेरी प्रत्येकाने पाहिलेली होती, कुणी सातबाऱ्यासाठी तर कुणी रेशनकार्डासाठी. विनोदाची निम्मी मेहनत वाचकाच्या अनुभवाने परस्पर करून ठेवलेली असायची.

आता प्रश्न असा, की या कारकुनानंतर कोण?

गिरणाकाठच्या गावांतून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी मुले शिकून बाहेर पडली, त्यांतली किती कचेरीत कारकून झाली? आमच्या भडगावातून रात्री पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये डोकावले तर उत्तर मिळेल. रविवारी रात्रीची ती गाडी हिंजवडीला कामावर जाणाऱ्या मुलामुलींनी भरलेली असते. मांडीवर लॅपटॉपची काळी पिशवी, पायाशी आईने दिलेली कळण्याच्या पिठाची पिशवी. ही मुले दिवसाचे दहा-बारा तास जे काम करतात, त्यातली माणसे, त्यातले साहेब, त्यातली भांडणे, त्यातला मूर्खपणा, यांचे मराठी विनोदात काय झाले? हास्यचित्रांत संगणक आला, पण तो वस्तू म्हणून. माऊसवर झडप घालणारे मांजर आपण सर्वांनी किती वेळा पाहिले असेल! त्या माऊसवर ज्याचा हात आहे तो माणूस मात्र चित्राच्या चौकटीबाहेरच राहिला. माझ्या वाचनाची मर्यादा मान्य करूनही मला हे म्हणावेसे वाटते.

या विषयाकडे मी वळले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो मराठीचा नव्हे, विज्ञान शाखेचा. पण महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी चित्रे काढणारा कुणीतरी शोधत होते आणि हा मुलगा प्रयोगवहीच्या मागच्या पानावर प्राध्यापकांची (माझ्यासह) चित्रे काढताना सापडला. पुढे तो जळगावला एमसीए झाला आणि पुण्याला नोकरीला लागला. काही वर्षांपूर्वी त्याने मला एका दोनशेपानी वहीची झेरॉक्स पाठवली. वहीत चौकटी आखून काढलेल्या चित्रमालिका होत्या, आणि त्या सगळ्या त्याच्या कामाच्या जागेविषयी होत्या. सोबत एक चिठ्ठी होती : मॅडम, हे वाचण्याआधी थोडे दुसऱ्यांचे वाचा, म्हणजे माझे वाईट वाटणार नाही. चिठ्ठीत तीन नावे होती. मी शिक्षिका असल्यामुळे दिलेले वाचन पूर्ण केले.

पहिले नाव 'युझर फ्रेंडली'. कॅनडातल्या जे. डी. फ्रेझर या चित्रकाराने 'इलियाड' या टोपणनावाने १९९७ साली आंतरजालावर सुरू केलेली ही चित्रमालिका. लोकांना इंटरनेटची जोडणी पुरवणारी 'कोलंबिया इंटरनेट' नावाची एक काल्पनिक छोटी कंपनी आणि तिच्यात काम करणारी माणसे, एवढाच तिचा संसार. दूरध्वनीवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकून जीव विटलेला एक जण आहे. यंत्रे सांभाळणारे दोघे-तिघे आहेत. आणि यंत्रांतले काहीही न कळणारा, पण विकायचे सगळे कळणारा विक्री खात्याचा साहेब आहे. २०२२ मध्ये हे संकेतस्थळ बंद झाले, त्यामुळे मला जुन्या संग्रहांतून जे मिळाले तेवढेच वाचता आले. त्यातल्या निम्म्या विनोदांना मी हसू शकले नाही, कारण ज्या संगणकप्रणालींच्या भांडणांवर ते उभे आहेत ती भांडणे माझ्या गावची नव्हेत. पण त्यात एक पात्र आहे : डस्ट पपी, म्हणजे धुळीचे पिल्लू. सर्व्हरच्या पेटीत साचलेली धूळ आणि तंतू यांतून जन्मलेला, मोठ्या डोळ्यांचा, केसाळ गोळा. हे पात्र पाहताच मी हसले, आणि माझ्या शेजारी बसलेले आमचे प्रयोगशाळा परिचर माझ्याआधी हसले. भडगावात संगणकाची पेटी उघडली की आत काय निघते हे आम्हांला ठाऊक आहे. काळ्या मातीची धूळ तर असतेच. पण कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर रस्त्याने गेले की उडालेली सरकीची लव पंख्याला अशी चिकटते, की परिचर ती काडीने सोडवून हातावर ठेवतात तेव्हा खरोखरच एखादे पिल्लू वाटते. व्हँकुवर आणि भडगाव यांच्यात मला सापडलेली ही एकमेव सरळ वाट. पण विनोद अनुवादाशिवाय इतक्या दूर पोहोचू शकतो, याचा एवढा नेमका पुरावा मला अभ्यासक्रमातल्या कुठल्याही पुस्तकात मिळालेला नाही.

दुसरे नाव 'डिल्बर्ट'. हे वृत्तपत्रांतून जगभर गेल्यामुळे अनेकांना ठाऊक असेल. स्कॉट ॲडम्स हे पॅसिफिक बेल या दूरध्वनी कंपनीत नोकरी करीत असताना १९८९ मध्ये त्यांनी ही मालिका सुरू केली, आणि १९९५ पर्यंत नोकरी आणि चित्रे दोन्ही चालू ठेवली. यातली मला सर्वांत रंजक वाटलेली गोष्ट चित्रांच्या बाहेरची आहे. १९९३ मध्ये त्यांनी चौकटीतच आपला ई-मेलचा पत्ता छापायला सुरुवात केली. वाचकांची पत्रे आली. आम्हांला कचेरीतलेच विनोद हवेत, असे त्यांत होते, आणि घरगुती विषयांवर रेंगाळणारी मालिका हळूहळू पूर्णपणे कचेरीत येऊन बसली. लेखकाला विषय वाचकांनी नेमून द्यावा हे आपल्याकडे कीर्तनात आणि तमाशाच्या बतावणीत घडते; छापील वाङ्मयात क्वचितच. याच मालिकेत पुढे अशोक नावाचा भारतीय उमेदवार येतो. आयआयटीचा पदवीधर, सर्वांत हुशार आणि कचेरीत सर्वांत खालचा. त्या एका पात्रात आमच्या किती मुलांचे आयुष्य उभे आहे ते त्यांचे त्यांना ठाऊक. २०२३ च्या फेब्रुवारीत ॲडम्स यांनी कृष्णवर्णीयांविषयी जी वंशद्वेषी विधाने केली, त्यामुळे अमेरिकेतल्या अनेक वृत्तपत्रांनी मालिका बंद केली. साहेबाच्या मूर्खपणावर तीस वर्षे नेम धरणारा माणूस तसा का बोलला असेल, यावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच वाद झाला. मला त्यात फारसे कोडे वाटत नाही. आपल्यावरच्या माणसाला हसता येणे आणि आपल्या शेजारच्या माणसाला ओळखता येणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत.

तिसरे 'एक्सकेसीडी', रँडल मन्रो यांचे, २००५ पासूनचे. काड्यांची माणसे, चेहरेसुद्धा नाहीत. आपल्याकडे शि. द. फडणीसांनी शब्दांशिवाय हास्यचित्रे केली. इथे चित्रच जवळजवळ नाही आणि शब्द सगळे काम करतात. यातली एक मालिका मी वर्गात सांगते. शाळेतून आईला दूरध्वनी येतो, की तुमच्या मुलामुळे आमच्या संगणकाचा घोटाळा झाला. आईने मुलाचे नावच असे ठेवलेले असते, की त्यात माहितीसाठा पुसून टाकण्याची आज्ञा दडलेली आहे. नाव नोंदवले आणि त्या वर्षीची सगळी विद्यार्थीनोंद गेली. ऑनलाईन प्रवेश अर्ज भरून घेणाऱ्या कुठल्याही महाविद्यालयीन शिक्षकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे आडनाव आधी की नाव आधी, वडिलांच्या नावापुढे 'भाऊ' लावायचे की नाही, आईचे नाव कोणत्या रकान्यात, यांवर दर जूनमध्ये युद्ध होते. पूर्वी एका जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली विद्यार्थ्यांची यादी दुसऱ्या यंत्रावर उघडली, की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे विद्यार्थी स्वल्पविराम आणि कंस होऊन बसत.

आता त्या वहीकडे येते.

वहीतले सर्वांत चांगले पान कापूस वेचणीचे आहे. वरच्या चौकटींत वडील शेतात उभे आहेत. पाऊस यायच्या आत माल घरात आला पाहिजे, म्हणून ते आणखी चार बाया सांगून येतात. आठ दिवसांची वेचणी पाच दिवसांत उरकते. खालच्या चौकटींत हिंजवडीतला मॅनेजर आहे. काम वेळेत संपत नाही म्हणून तोही आणखी चार माणसे आणतो. आता जुनी माणसे आपले काम सोडून नव्यांना काम समजावत बसली आहेत. पुढच्या चौकटीत नव्यांनी केलेल्या चुका जुने निस्तरताहेत. शेवटच्या चौकटीत मॅनेजर म्हणतो, आणखी चार आणा. ही गोष्ट संगणकक्षेत्रात फार जुनी आहे. आयबीएममध्ये एका प्रचंड संगणकप्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली एक पुस्तक लिहिले आणि त्यात हाच नियम मांडला, की रखडलेल्या कामात माणसे वाढवली तर ते अधिक रखडते. कारण उघड आहे. कापसाचे बोंड प्रत्येकीला स्वतंत्रपणे वेचता येते. एकीने काय वेचले हे दुसरीला ठाऊक असण्याची गरज नसते. आज्ञावलीत मात्र प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामात अडकलेले, आणि माणसे जितकी वाढतील तितक्या त्यांच्यातल्या वाटाघाटी कितीतरी वेगाने वाढतात. ब्रुक्सचा सिद्धान्त मला या पानामुळे कळला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो त्या मुलाच्या वडिलांना कळला, कारण अर्धे चित्र त्यांच्याच शेतातले होते.

दुसरे पान 'बग'चे. संगणकाच्या चुकीला बग, म्हणजे किडा, हा शब्द जुनाच. पण १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेत अडकलेला एक खराखुरा पतंग सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, तेव्हापासून त्या शब्दाला आख्यायिका मिळाली. माझ्या विद्यार्थ्याने तो पतंग थेट कपाशीच्या बोंडात नेला. गुलाबी बोंडअळी हेही एका पतंगाचेच अपत्य! त्याच्या चित्रात कृषिसेवा केंद्रातला दुकानदार आणि कंपनीतला मॅनेजर यांचे तोंड एकच आहे, आणि दोघेही शपथेवर सांगतात की नव्या आवृत्तीत अळी येणार नाही. ज्यांनी २०१७ च्या हंगामात बीटी कपाशीची बोंडे फोडून पाहिली आहेत, त्यांना पुढची चौकट पाहावी लागणार नाही.

तिसरे पान आम्हा मराठीवाल्यांसाठी आहे आणि त्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. कंपनीच्या एका मराठी सोहळ्याची निमंत्रणपत्रिका संगणकावर तयार होते आहे. मजकुरात 'आचाऱ्यांना' मानधन द्यावे असे हवे आहे. छापून येते 'आचार्यांना'. त्यामुळे स्वयंपाकी उपाशी आणि व्याख्याते आचार्य स्वयंपाकघरात, असा गोंधळ. आचारी आणि आचार्य यांची ही जोडी आपण व्याकरणाच्या तासाला नेहमी वापरतो, पण तिच्यामागचे यंत्राचे दुखणे मला त्या मुलाने समजावले. र, हलन्त आणि य लागोपाठ दिले की यंत्र आपण होऊन त्याचा रफार करते. मराठीतला अर्धा र, ज्याला त्या क्षेत्रातले लोक पापणीचा र म्हणतात, तो हवा असेल तर ऱ हे वेगळे अक्षर घ्यावे लागते, किंवा मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालावे लागते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले. भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे बरेच काम तिथे झाले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात देवनागरी होती. म्हणजे मराठीच्या एका पापणीसाठी कुणीतरी बैठका घेतल्या असतील, टिपणे लिहिली असतील, वाद घातले असतील. या माणसांच्या कचेरीत विनोद घडला नसेल, हे शक्यच नाही. तो कुणी लिहिला नाही, एवढेच. आणि हा विनोद इंग्रजीत होऊच शकत नाही! दऱ्या आणि दर्या यांतला फरक ज्या भाषेत आहे तिच्यातच तो जन्मतो. तंत्रज्ञानाचे जग परभाषी असल्यामुळे मराठीत त्याचा विनोद संभवत नाही, असे म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे पान दाखवते.

चौथे पान 'बेंच'चे.

या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. दुसऱ्यांची कामे करून देणाऱ्या या कंपन्यांत ज्याला सध्या कुठल्याच ग्राहकाचे काम नेमून दिलेले नाही, त्याला बेंचवर आहे असे म्हणतात. पगार चालू, काम नाही. शब्द खेळाच्या मैदानावरून आला. राखीव खेळाडू बाकावर बसतात त्यावरून. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला 'बेंचवर' म्हटले की एकच चित्र दिसते. वहीतही तेच काढले आहे : गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण, शर्ट पँटमध्ये खोचलेला, बाकावर उभा, दोन्ही हात वर. समोर खुर्च्यांवर बसलेले सगळे जण आपापल्या पडद्यांत पाहताहेत. त्याच्याकडे कुणीच पाहत नाही. चौकटीत शब्द नाही.

ही वही त्याने दोघांना दिली होती, मला आणि वडिलांना. मराठीत काढली ती त्यांच्यासाठीच. तू तठे दिनभर बसीसन काय करस, हा प्रश्न त्यांनी त्याला नोकरी लागल्यापासून विचारला होता आणि त्याचे उत्तर त्याला दूरध्वनीवर देता येत नव्हते. धाकट्या मुलीच्या दाखल्यासाठी ते महाविद्यालयात आले, तेव्हा त्यांच्या थैलीत ती झेरॉक्स होती. वेचणीच्या पानावर ते पुष्कळ बोलले. बाया सांगण्याच्या चौकटीत मजुरीचा भाव जुना लिहिला आहे, हेही त्यांनी दाखवले. मग त्यांनी ते पान काढले.

"मॅडम, आठे बेंचवर शे आसं लिखेल शे. शायमा उभं करतस, तसं?"

मी म्हटले, "नाही भाऊ, शिक्षा नाही ती. काम आले नाही तोवर बसवून ठेवतात. पगार देतात."

"कितला दिन?"

"ते त्यांच्या हातात नसते."

ते थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिले. "पेरीसन पानीनी वाट देखतस, तसं म्हना ना."

माझ्याकडच्या प्रतीत त्यापुढे आणखी चार पाने होती. वडिलांच्या प्रतीत ती नव्हती. बेंचवर दोन महिने काढल्यावर त्याच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला होता, आणि त्या दिवशी त्या गोष्टीला सहा आठवडे झाले होते. ते सांगण्याचा अधिकार त्याचा होता. मी दाखल्यावर सही आणून दिली आणि ते गेले.

आखाजीला तो गावी आला तेव्हा त्याने ती चार पाने घरी दाखवली. त्यांत मनुष्यबळ विभागातली एक बाई आहे. ती वाईट नाही. तिच्यापुढे कागद आहे आणि कागदावर जे लिहिले आहे ते ती गोड आवाजात वाचते. मॅनेजर खिडकीबाहेर पाहतो. चौथ्या पानावर तो मुलगा ओळखपत्र परत देतो आणि लिफ्टमध्ये त्याचा हात सवयीने छातीवर ते चाचपतो. वडिलांनी सगळे वाचून फक्त एवढेच म्हटले, असे त्याने मला सांगितले : "हाऊ मॅनेजर बराबर काढेल शे." मग दोघेही जेवायला बसले.

आता मिस फोन्सेकाचे. मारिओंच्या रेषेवर माझे प्रेम आहे. पण त्यांच्या कचेरीत बाई आली की ती बघण्यासाठी येते. बॉस बघतो, गोडबोले बघतो, वाचकानेही बघावे अशी मांडणी असते. 'आवाज'मधली खिडकीचित्रे आम्ही बहिणी भावांच्या आधी उघडून पाहत असू, ती का, हे सांगायला नको. पण त्या खिडक्यांआड काम करणारी बाई मला एकदाही भेटली नाही. या वहीत एक मुलगी आहे, धुळ्याची, टेस्टर. तिचे कामच दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचे, त्यामुळे ती कुणाला आवडत नाही. ती हुशार आहे आणि तिला ते माहीत आहे. रात्रपाळीनंतर कंपनीच्या गाडीतून परत जाताना ती चालकाच्या मागच्या आसनावर बसून घरी दूरध्वनी लावते आणि पोहोचेपर्यंत बोलत राहते. आईला वाटते पोरीला फार आठवण येते. पूर्ण वहीत मला सर्वांत ओळखीची वाटलेली बाई हीच. ती कुठल्याही चौकटीत 'दिसण्या'साठी आलेली नाही.

आमच्या वाङ्मय मंडळात ही पाने वाचली तेव्हा एका सहकाऱ्याने घेतलेला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. तो असा, की हा विनोद शेवटी मालकाच्या सोयीचा आहे. नोकर हसला, मोकळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला. हा आक्षेप नवा नाही. अमेरिकेतले नॉर्मन सॉलोमन यांनी १९९७ मध्ये 'डिल्बर्ट'विरुद्ध अख्खे पुस्तकच लिहिले : कंपन्या ही चित्रे आनंदाने भिंतीवर लावतात, यातच काय ते समजा, असा त्यांचा रोख. त्यात तथ्य आहे. चिमणरावाने कुठली कचेरी बदलली? धोंडो भिकाजीने कुठला संप केला? पण मला वाटते हा आक्षेप विनोदाकडून जे मागतो ते आपण शोकात्मिकेकडून कधी मागत नाही. आणि दुसरे असे, की माझ्या विद्यार्थ्याची पाने कंपनीच्या भिंतीवर लागली नाहीत, लागणारही नाहीत. ती एका शेतकऱ्याच्या थैलीत होती. ज्या घरात मुलाच्या कामासाठी शब्दच नव्हता, तिथे त्या कामाविषयी बोलण्याची सोय त्यांनी केली. हसण्याने माणूस कामावर परत जातो की नाही, हे इथे तपासताच येत नाही. इथे काम आधीच गेले होते.

माझी तक्रार उलट दिशेची आहे. व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते, सिमेंट कंपनीत नोकरी करीत. पण त्यांच्या कुंचल्याने दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि साहित्यिकांची चित्रे रंगवली. अभियंत्यांच्या जगावर त्यांनी स्वतंत्र मालिका केली असती तर आज आपल्याला तिची केवढी मदत झाली असती! आपल्याकडे लिहिणारा माणूस नोकरी बाजूला ठेवून साहित्याकडे येतो. देवळात शिरताना चपला बाहेर ठेवाव्यात तसा. भालचंद्र नेमाड्यांनी चांगदेव पाटलाच्या निमित्ताने महाविद्यालयातली नोकरी कादंबरीत आणली, तर ती आम्हां प्राध्यापकांना आजही बोचते. पण हास्यचित्रांत आमचा स्टाफरूम कुठे आहे? अमेरिकेत होर्हे चाम यांनी स्टॅनफर्डला संशोधन करता करता १९९७ पासून संशोधक विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांवर 'पीएचडी कॉमिक्स' चालवले. इकडे तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षे शिकवणारे, मूल्यांकन समितीच्या भेटीआधी रात्रभर फायली रंगवणारे, मार्चमध्ये बिले आणि जूनमध्ये ऑर्डर यांची वाट पाहणारे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यात एक तरी हात चित्र काढणारा असेलच.

सध्या तो घरीच असतो. नाशिकच्या एका छोट्या संस्थेचे काम माळ्यावरच्या खोलीतून करतो. वीज गेली की वडील खालून हाक मारतात, बेंचवर का रे? वहीतली काही पाने दिवाळी अंकाला पाठवावीत, असे मी त्याच्यामागे लागले होते. मॅनेजर ओळखू येईल म्हणून तो तयार नव्हता. आता त्याने मॅनेजरला मिशा काढल्या आहेत आणि पाने माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला दिली आहेत. अहिराणी संवादांना मी हात लावलेला नाही. 'डिप्लॉय'ला 'तैनात' केले तर त्याला ते सीमेवरचे वाटते, आणि 'बॅकअप'ला त्याने स्वतःच 'बी-बियाणं' असे लिहिले आहे. ते ठेवावे की नाही यावर आमचे अजून ठरलेले नाही.